पंधरा अंशांसाठी दहा आठवडे

सुरुवात एका जळालेल्या टोकापासून झाली. नोव्हेंबरात मी कोरड्या बेंच ग्राइंडरवर सुरीला धार लावायला गेले. मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे मारणारं चाक ते. दोन-तीन सेकंद जास्त टेकवलं आणि टोक निळं पडलं. पोलादावर निळा रंग येतो तेव्हा तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेलेलं असतं आणि बहुतेक सुऱ्यांच्या पात्याचं पाणी त्याच्या आधीच उतरतं. म्हणजे टोक कायमचं मऊ. त्यानंतर मी ठरवलं, हळू फिरणारं, पाण्यात बुडालेलं चाक घ्यायचं. मिनिटाला ९० फेरे, त्यामुळे जळण्याचा प्रश्नच नाही. धारेचा कोन कसा बसवायचा ते बघू, असं म्हणून तो विषय मी बाजूला टाकला. पुढचे दहा आठवडे त्याच विषयात गेले.

यंत्र सेकंडहँड मिळालं, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी. नव्यानेच सुरुवात करणाऱ्यांसाठी रचना सांगते. खाली पाण्याचं भांडं, त्यात बुडून फिरणारं जाड चाक. त्याच आसावर दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक. चाकाच्या वर एक आडवा लोखंडी दांडा, जो वर-खाली करता येतो. सुरी एका पकडीत आवळायची, पकड दांड्यावर टेकवायची आणि धार चाकावर सरकवत न्यायची. हात थरथरला तरी कोन बदलत नाही, कारण कोन दांडा ठरवतो. कागदावर सगळं सोपं.

पहिल्या दिवशी चाकाने पाणीच पाणी प्यायलं. भांडं भरलं की रिकामं, पुन्हा भरलं की पुन्हा रिकामं. आठ-दहा मिनिटं असं चाललं, तेव्हा कुठे चाकाचं पोट भरलं. तोपर्यंत घाई करू नका. आणि काम संपल्यावर भांडं खाली घ्या. मी पहिल्या रात्री चाक पाण्यातच ठेवून झोपले. सकाळी खालची अर्धी बाजू जड झालेली आणि चाक हेलकावे खात फिरत होतं. सुकेपर्यंत दोन दिवस नुसतं बघत बसले.

आता पहिली सुरी. एका माहितीपत्रकात सुरीसाठी ३० अंश लिहिलं होतं. यंत्रासोबत आलेल्या कोनमापकावर मी ३० लावलं, दांडा बसवला आणि मन लावून दोन्ही बाजू घासल्या. धार चकचकीत दिसली. कागदावर चालवली तर कागद फाटला, कापला गेला नाही. पुन्हा घासलं, तेच.

मामांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केलंय. त्यांनी एवढंच विचारलं, “एका बाजूला तीस लावलेस की दोन्ही मिळून?”

मी गप्प.

“अगं, दोन्हीकडून तीस म्हणजे साठ. लोखंड तोडायच्या छिन्नीला साठ अंश देतात. छिन्नी केलीस तू तिची.”

हा घोळ फार जणांचा होतो म्हणून मुद्दाम लिहितेय. कुठेही आकडा वाचलात की आधी विचारा, एका बाजूचा की एकूण? माहितीपत्रकातले ३० एकूण होते. एका बाजूला १५. माझ्या कोनमापकावरचा आकडा एका बाजूचा होता. यापुढे मी लिहिलेले सगळे अंश एका बाजूचे आहेत.

दुसऱ्या आठवड्यात कोनमापक बाजूला ठेवला. एक तक्ता हाती लागला होता, त्यात चाकाच्या आसापासून दांडा किती अंतरावर हवा ते दिलं होतं. १५ अंशांसाठी २०२.९ मिलीमीटर. कॅलिपरने, म्हणजे जबड्यांत धरून अंतर मोजायच्या अवजाराने, आसाच्या बाहेरच्या कडेपासून दांड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. माझ्या यंत्रात आस आणि दांडा दोन्ही १२ मिलीमीटर जाड आहेत, म्हणजे मोजमापातून दोन्हीकडचे सहा-सहा वजा केले की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. तसा दांडा बसवला. या वेळी दुसरी सुरी घेतली, जिची मूळ धार शाबूत होती, आणि घासण्याआधी धारेच्या उतारावर, म्हणजे पातं धारेकडे निमुळतं होतं त्या तिरक्या पट्टीवर, काळा मार्कर फासला.

मार्करची युक्ती आधीच कळली असती तर एक सुरी वाचली असती. यंत्र बंद ठेवायचं, सुरी चाकावर टेकवायची, हाताने चाक थोडं फिरवायचं. शाई उताराच्या वरच्या, पात्याकडच्या कडेला खरवडली गेली तर कोन कमी पडतोय. अगदी धारेपाशीच गेली तर कोन जास्त होतोय. संपूर्ण उतारावरून एकसारखी गेली तर आहे त्या कोनाशी जुळलं. माझी शाई फक्त धारेपाशी गेली.

तक्ता चुकीचा असेल असं वाटलं. मग जे सर्वांत आधी करायला हवं होतं ते केलं. शिवणकामाचा टेप चाकाभोवती गुंडाळला. घेर ७२९ मिलीमीटर. ३.१४ ने भागलं तर व्यास २३२. तक्ता २५० च्या नव्या चाकासाठी होता. आधीच्या मालकाने १८ मिलीमीटर वापरून संपवले होते आणि मी ते विचारलंही नव्हतं.

शिवाय चाक गोलही नव्हतं. सुरी टेकवली की दर फेऱ्याला हलका धक्का जाणवायचा. चाक गोल करायला हिऱ्याचं टोक असलेलं अवजार लागतं. ते मागवलं आणि अकरा दिवस वाट पाहिली. आल्यावर पाण्याची धार सुरू ठेवून, एका वेळी अगदी थोडं थोडं काढत, चाळीस मिनिटांत चाक गोल झालं. किंमत मोजली ती दगडाच्या दोन मिलीमीटरांची. व्यास आता २३० भरला. डिसेंबर संपला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी वही घेऊन बसले. इथे थोडं गणित आहे, पण सगळी गंमतही इथेच आहे.

एक त्रिकोण डोळ्यासमोर आणा. एक टोक चाकाच्या मध्यावर. दुसरं सुरीची धार चाकाला टेकते तिथे. तिसरं दांड्याच्या मध्यावर. पहिली बाजू चाकाची त्रिज्या, ती ११५. दुसरी, दांड्यापासून धार जितकी पुढे येते ते अंतर. मी ते १३९ ठेवलंय. तिसरी, चाकाच्या मध्यापासून दांड्यापर्यंतचं अंतर. तिन्ही बाजू ठरल्या की कोन ठरलाच. म्हणजे कोन कधी थेट मोजायचाच नसतो, तीन लांब्या मोजायच्या असतात. सूत्र शाळेतलंच आहे. दांड्याच्या अंतराचा वर्ग म्हणजे त्रिज्येचा वर्ग, अधिक पुढे आलेल्या अंतराचा वर्ग, अधिक त्या दोघांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले हव्या त्या कोनाचा साइन.

उत्तर आलं २०२.०.

मी तीनदा तपासलं. तक्त्यावरून बसवलेला दांडा २०२.९ वर होता. चाक २० मिलीमीटरने लहान निघालं, मी एक अख्खी सकाळ गणितात घालवली आणि दांडा जेमतेम एक मिलीमीटर हलला. तरी बसवला. मार्कर फासला. शाई पुन्हा धारेपाशीच गेली.

त्या आठवड्यात यंत्राला हात लावला नाही. खरं सांगायचं तर विकायचा विचार आला होता.

मार्कर फक्त जुळतं की नाही एवढंच सांगतो. प्रत्यक्ष किती अंश झाले ते कळायला काहीतरी हवं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी लेझरचं साधन केलं. पुठ्ठ्यावर २०० मिलीमीटर त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार कंस काढला, त्याच्यावर अंश आखले आणि कंसाच्या कडेला कागदाची पट्टी उभी केली. मध्यबिंदूवर सुरी उभी धरायची, धार लेझरकडे. किरण धारेवर पडला की दोन्ही उतारांवरून परावर्तित होऊन पुढे निसटतो आणि पट्टीवर डावीकडे-उजवीकडे एकेक ठिपका पडतो. ठिपका सरळ रेषेपासून जितके अंश लांब, त्याच्या निम्मा त्या बाजूचा कोन. १५ अंशांच्या धारेला ठिपके ३० वर पडायला हवेत. कोनात एका अंशाचा फरक पडला तर ठिपका सात मिलीमीटर सरकतो, त्यामुळे साध्या डोळ्यांनी अर्धा अंश सहज ओळखू येतो. फक्त किरण कधीही डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नका, पातं म्हणजे आरसाच असतो.

नव्या सेटिंगवर पूर्ण घासलेली सुरी ठेवली. ठिपके पडले ३७ आणि ४१ वर.

निम्मे केले तर साडेअठरा आणि साडेवीस. सरासरी साडेएकोणीस. मला हवे होते १५. दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, माझं गणित साडेचार अंशांनी चुकतंय. दोन, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. दुसरी गोष्ट खरी की सुरी तिरकी धरल्याचा भास, हे तपासायला सुरी उलटी करून, मूठ वर घेऊन पुन्हा मोजलं. ४१ चा ठिपका पात्याच्या त्याच बाजूबरोबर फिरला. म्हणजे दोष सुरीतच होता.

मामांना वहीच्या पानाचा फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“त्रिकोण बरोबर आहे गं. पण पकड दांड्यावर बसते ना? मग तिची जाडी कुठे धरलीस?”

तेच राहिलं होतं. मी समजत होते की पात्याची रेषा दांड्याच्या मध्यातून जाते. तशी ती जात नाही. दांड्याची निम्मी जाडी सहा, पकडीची जी दांडी त्याच्यावर टेकते तिची निम्मी जाडी सहा. पातं दांड्याच्या मध्यापासून १२ मिलीमीटर वर असतं. १३९ अंतरावर १२ मिलीमीटर म्हणजे ४.९ अंश. इतका मोठा कोन मी जाडी म्हणून सोडून दिला होता.

दुरुस्ती सोपी निघाली. १५ ऐवजी १५ वजा ४.९, म्हणजे १०.१ अंशांचा साइन घ्यायचा. आणि १३९ ऐवजी काटकोन त्रिकोणाचा कर्ण, १३९.५. उत्तर १९५.७. दांडा सहा मिलीमीटरहून जास्त खाली आला. उलट हिशेब करून पाहिलं तर २०२.० ला नेमके १९.६ अंश येत होते. लेझरने दाखवले होते साडेएकोणीस. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

तुमची पकड वेगळी असेल तर १२ चा आकडा वेगळा येईल. तो मोजल्याशिवाय माझे आकडे उचलू नका, एवढी विनंती.

आता कुठे किती काटेकोर राहायचं ते. माझ्या चाकावर दांडा एक मिलीमीटर वर-खाली झाला की कोन ०.७ अंशाने बदलतो. धार पकडीतून एक मिलीमीटर जास्त पुढे आली की ०.६ अंशाने कमी होतो. चाकाचा व्यास एक मिलीमीटरने घटला की कोन पाव अंशाने वाढतो. म्हणजे चाकाची झीज दर वेळी मोजायची गरज नाही, चार मिलीमीटर झिजल्यावर एक अंश. पण धार किती पुढे आली ते मात्र प्रत्येक सुरीला, प्रत्येक वेळी. मी सुरुवातीला पट्टी धरून मोजायची आणि दोन मिलीमीटरची चूक सहज व्हायची. आता लाकडाच्या फळीवर दोन ठोकळे ठोकलेत. पकड एकाला टेकते, धार दुसऱ्याला. दोघांमध्ये १३९. सुरी त्यात बसवायची आणि मग पकड आवळायची. दहा मिनिटांचं काम आहे, यंत्र आणण्याच्याही आधी करावं असं.

दोन बाजूंच्या फरकाचं कारण शोधायला आणखी एक आठवडा लागला. माझ्या पकडीचा एक जबडा पक्का, एक हलता. पातं पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असतं. माझी सुरी पाठीला २ मिलीमीटर, धारेच्या वर ०.४, रुंदी ४५. पक्क्या जबड्यावर पात्याची एक बाजू सपाट बसली की पात्याचा मध्य एका अंशाने कलतो. मग एका बाजूला एक अंश जास्त, दुसऱ्या बाजूला एक अंश कमी. लेझरवर नेमकं हेच दिसलं होतं. जबड्याची खोली १२ मिलीमीटर आहे. एका अंशासाठी ०.२ मिलीमीटरचा आधार हवा, म्हणजे साध्या कागदाच्या दोन पट्ट्या. त्या पक्क्या जबड्याच्या धारेकडच्या कडेला ठेवल्या. पुढच्या मोजणीत ठिपके ३० आणि ३०.५. पातं आपोआप मध्यावर धरणाऱ्या पकडीही मिळतात. माझं कागदावर भागतंय.

टोकाने वेगळा त्रास दिला. सरळ भागात उतार एकसारखा, टोकापाशी मात्र दुप्पट रुंद. पकड मी मुठीजवळ आवळली होती, त्यामुळे गोलाईनंतरचं टोक पकडीपासून सहा मिलीमीटर जास्त लांब पडत होतं. हिशेब केला तर तिथे ११.४ अंश. पकड टोकाच्या दिशेने सरकवली, मुठीकडच्या भागाला आणि टोकाला अंतर जवळपास सारखं येईपर्यंत. फार पुढे नेली तर उलटं होतं, टोकाला कोन वाढतो. दर सुरीची ही जागा वेगळी. सापडली की पात्यावर मार्करने खूण करून वहीत मुठीपासूनचं अंतर लिहून ठेवते. काही पाती टोकाकडे मुळातच जाड असतात, तिथे कोन बरोबर असूनही उतार रुंद दिसतो. त्यामुळे टोकाचा निवाडा डोळ्यांनी नको, लेझरनेच करा.

गोल चाकाने उतार खोलगट होतो आणि धार कमजोर पडते अशी भीती मला घातली गेली होती. एक मिलीमीटर रुंद उताराला या चाकावर खोली येते जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. त्यापायी झोप घालवू नका.

चामड्याचं चाक शेवटी. घासताना धारेच्या पलीकडे धातूची बारीक कड वळते, तिला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. ती नखाला लागते. बर पूर्ण लांबीभर लागली की ती बाजू झाली. दोन्ही बाजू झाल्यावर बर चामड्यावर पेस्ट लावून काढायची, आणि चाक धारेपासून दूर पळत असेल अशाच दिशेने. उलटं केलंत तर सुरी चामडं कापेल. मी हे काम हातानेच करत होते, पकड नाही, दांडा नाही. धार छान लागायची आणि आठवड्यात जायची. लेझरखाली ठेवली तर ठिपक्याऐवजी ३० पासून ४६ पर्यंत लांब ओघळ दिसला. म्हणजे अगदी कडेशी धार २३ अंशांपर्यंत गोल झाली होती. दोन महिने मिलीमीटरच्या दशांशासाठी भांडून शेवटच्या एका मिनिटात मी आठ अंश उधळत होते.

चामड्याच्या चाकाचा व्यास २२०. तिथे एक अंश जास्त, म्हणजे १६ ठेवला, बर नक्की निघावी म्हणून. तेच सूत्र, दांडा १९३.५. सुरी पकडीतून काढायची नाही, तशीच दुसऱ्या बाजूला न्यायची. ठिपका पुन्हा एकच, ३२ च्या जरा पुढे. चामडं थोडं दबतं, त्यामुळे तेवढं चालतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी छिन्नी झालेली पहिली सुरी परत घेतली. साठ अंशांचं एकूण तीसवर आणायला दीड तास लागला आणि चाकाचा आणखी एक मिलीमीटर. जळालेल्या टोकाची सुरीही केली, तिचं निळं पडलेलं चार मिलीमीटर टोक घासून टाकावं लागलं. ती आता थोडी बुटकी दिसते. कागद दोन्ही कापतात, आवाज न करता.

वहीत प्रत्येक सुरीला एक ओळ आहे. तारीख, चाकाचा व्यास, धार किती पुढे, दांडा किती, पकड मुठीपासून किती, ठिपके कुठे. परवा चाक पुन्हा गोल केलं, व्यास २२८, दांडा १९५.०.

मामांनी त्यांच्या तीन सुऱ्या पाठवल्यात. त्यातल्या छोटीचं पातं इतकं अरुंद आहे की पकडीतून १३९ पुढे येतच नाही, ओढून ताणून १२० येतं. त्यासाठी १७८.८ असा आकडा निघालाय, ठोकळ्यांची दुसरी फळी करावी लागेल. वहीत ती ओळ सध्या पेन्सिलीने लिहिली आहे, ठिपक्यांचा रकाना मोकळा.